सोलापूरची जुनी सिग्नल केबिन: तिचं वय कसं काढायचं आणि आत काय चालायचं

प्रश्न असा आहे: सोलापूरच्या रेल्वे लाईन्स भागात बालपण गेलं, आजोबा लिव्हरमन होते. रुळांलगतची त्यांची दुमजली केबिन आता बंद पडली आहे आणि घरात सगळे सांगतात की ती इंग्रजांनी 1860 साली बांधली. तिचा इतिहास लिहायचा आहे. सुरुवात कुठून करावी, एवढ्या लिव्हरांचं आत नेमकं काय चालायचं, एका स्टेशनला दोन-दोन केबिन कशासाठी, आणि सगळं बंद का झालं?

माझी नोकरी सिग्नल खात्यात झाली, त्यातली बरीच वर्षं याच विभागात. म्हणून आधी तारखेचा घोळ सोडवतो. 1860 हे सोलापूरला गाडी आल्याचं वर्ष आहे, केबिनचं नाही. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं पुण्याकडून रूळ टाकत आणले; 1859 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, आणि 1860 मध्ये मोहोळमार्गे सोलापूर. तेव्हा बोरघाटाचं काम पुरं व्हायचं होतं. घाटातून रूळ जोडले गेले 1863 मध्ये, तोवर मुंबईहून निघालेल्या माणसाला घाट दुसऱ्या साधनानं चढून वर पुन्हा गाडी धरावी लागे. सोलापूरच्या पुढं रायचूरला मद्रास रेल्वेशी गाठ पडली ती 1871 मध्ये. या काळात दिवसाला मोजक्या गाड्या धावत. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड, जमिनीवरच्या सुट्या लिव्हरनं बदलायचे, किल्लीनं कुलूप लावायचं, आणि पुढचं स्टेशन मोकळं आहे का ते तारयंत्रावर विचारून कागदी लाइन क्लिअर, म्हणजे पुढं जायची लेखी परवानगी, ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. सगळे लिव्हर एका छताखाली आणून एकमेकांत अडकवण्याची पद्धत, म्हणजे इंटरलॉकिंग, त्या वेळी खुद्द इंग्लंडमध्येही नवी होती.

तिथं जॉन सॅक्सबीचं पेटंट 1856 चं. पण कंपन्या खर्चाला मागं सरत होत्या. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथं सहलीच्या गाडीचे डबे उतारावरून मागं घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग, ब्लॉक पद्धत (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी) आणि अखंड ब्रेक (सगळ्या डब्यांना एकदम लागणारे) सक्तीचे केले. हिंदुस्थानात इंटरलॉकिंग रुजू लागलं ते 1890 च्या दशकात. तेव्हा सोलापूर विभागातल्या कुठल्याही केबिनबद्दल 1860 ऐकलं की ते स्टेशनचं वय समजा.

आता आत काय चालायचं ते. वरच्या मजल्यावर लिव्हरांची रांग असते, तिला फ्रेम म्हणतात. लाल लिव्हर थांब्याच्या सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे सांध्याच्या कुलपाचे, तपकिरी फाटकाचे, पांढरे म्हणजे काहीच न जोडलेले. पाहुण्याला वाटतं, माणूस लिव्हर ओढतो आणि सिग्नल पडतो (म्हणजे खांबावरचा आडवा हात खाली झुकून ‘चल’ म्हणतो), एवढंच. पण केबिनचा खरा जीव खालच्या मजल्यावर, लॉकिंगच्या खोलीत असतो. तिथं प्रत्येक लिव्हरला जोडलेली पोलादी पट्टी असते, तिला टॅपेट म्हणतात. पट्टीला खाचा पाडलेल्या असतात आणि आडव्या पट्ट्यांवर बसवलेले ठोकळे त्या खाचांत शिरतात किंवा बाहेर सरकतात. एक लिव्हर ओढला की त्याची पट्टी ठोकळ्याला बाजूला ढकलते आणि तो ठोकळा दुसऱ्या लिव्हरच्या खाचेत जाऊन बसतो. मग तो दुसरा लिव्हर अंगातलं सगळं बळ लावलं तरी हलत नाही.

उदाहरणादाखल क्रमांक धरा. 9 नंबर सांधा, 8 नंबर त्याचं कुलूप, 2 नंबर मेन लाइनचा होम, म्हणजे स्टेशनात घेणारा सिग्नल, 3 नंबर लूपचा (मेन लाइनला फुटून पुन्हा मिळणाऱ्या बाजूच्या लाइनचा) होम, 1 नंबर त्याच्या बाहेरचा आउटर. मालगाडी लूपला घ्यायची आहे. केबिनमननं आधी 9 ओढायचा, सांध्याची जीभ (सरकणारा निमुळता रूळ) लूपकडं वळते. मग 8, सांध्याला कुलूप बसतं. हे दोन्ही झाल्याशिवाय 3 हलणारच नाही. 3 ओढला की 8 आणि 9 जागच्या जागी जखडतात, आणि 2 तर आधीच अडलेला असतो, कारण सांधा मेन लाइनला नाही. 3 पडल्यावरच 1 पडतो. सगळं परत घ्यायचं तर उलट्या क्रमानं, आधी आउटर आणि शेवटी सांधा. माणूस दमलेला असो, घाईत असो, रात्रीचे तीन वाजलेले असोत; सांधा लूपकडं असताना मेन लाइनचा सिग्नल द्यायची मुभा लोखंडच त्याला देत नाही.

सांध्याच्या कुलपाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आजोबांच्या गोष्टींत ते येईल. गाडी सांध्यावर असताना कुलूप काढलं तर? त्यासाठी रुळाला चिकटून लॉक बार नावाची लांब पट्टी असे. कुलूप काढताना ही पट्टी वर उचलली जाते. वर चाक असेल तर ती उचलत नाही आणि लिव्हर अडतो. म्हणून तिची लांबी लागोपाठच्या दोन चाकांमधल्या सगळ्यांत मोठ्या अंतराहून जास्त ठेवत, म्हणजे डब्याच्या मधल्या मोकळ्या भागाखालीही ती फसवणार नाही. तपासणीला आम्ही जीभ आणि मूळ रूळ यांच्यामध्ये 5 मिमी जाडीची पट्टी धरायचो. ती मध्ये असताना कुलूप बसलं, तर तो सांधा नापास.

दोन केबिन कशासाठी, याचं उत्तर रॉडमध्ये आहे. सांधा ओढायला केबिनपासून सांध्यापर्यंत लोखंडी रॉड जातात, आणि रॉडनं चालणारा सांधा लिव्हरपासून फार तर 460 मीटरवर असावा असा आपल्याकडचा नियम. लांब मालगाड्या सामावणाऱ्या स्टेशनात दोन टोकांच्या सांध्यांमधलं अंतर याहून बरंच जास्त भरतं. मधोमध एक केबिन बांधली तर दोन्ही टोकं तिच्या आवाक्याबाहेर जातात. म्हणून प्रत्येक टोकाला एक, आणि मध्ये स्टेशन मास्तर. त्यातून नवा प्रश्न उभा राहतो: पुण्याकडच्या केबिननं गाडी आत घेतली आणि त्याच लाइनवर दुसऱ्या टोकाच्या, होटगीकडच्या केबिननंही घेतली तर? त्यावर उपाय स्लॉट आणि स्लाइडचा, म्हणजे केबिनच्या सिग्नलवर मास्तरच्या हातातल्या कुलपाचा. मास्तरनं आपल्या खोलीतून कोणती लाइन ते ठरवून स्लाइड सोडल्याशिवाय केबिनचा होम सुटत नाही, आणि एका बाजूला सोडली की दुसऱ्या बाजूची त्याच लाइनवरची अडते. हुकूम मास्तरचा, हात केबिनमनचा, आणि दोघांच्या मध्ये कुलूप. आजोबांना ‘मास्तर स्लाइड देईना’ असं म्हणताना ऐकलं असेल, तर त्याचा अर्थ हा.

आता सोलापूरचं ऊन. इंग्लंडच्या पुस्तकांवरून शिकलेल्या माणसाला इथल्या एप्रिल-मे महिन्यानं वेगळं शिकवलं. पोलाद एका अंशाला मीटरमागं साधारण 0.012 मिमी वाढतं. आकडा क्षुल्लक दिसतो. पण 400 मीटरचा रॉड पहाटेपासून भर दुपारपर्यंत 25 अंशांनी तापला तर 12 सेंमी वाढतो, आणि सांध्याच्या जिभेचं एकूण सरकणंच 11-12 सेंमी. म्हणजे लिव्हरला कुणी हात न लावता उन्हानं सांधा फिरावा, इतकी ती वाढ. म्हणून रॉडच्या मार्गात मधोमध कॉम्पेन्सेटर बसवतात. ही क्रँकची, म्हणजे खुंटीवर फिरणाऱ्या दांड्यांची, जोडी असते, ती ढकलण्याचं रूपांतर ओढण्यात करते. त्यामुळं एका निम्म्याची वाढ दुसऱ्या निम्म्याच्या वाढीला खाऊन टाकते आणि सांध्यावर परिणाम शून्य होतो. जागा चुकली, निम्म्याऐवजी एक तृतीयांशावर बसला, तर उन्हाळ्यात तो सांधा रोज त्रास देणार.

तारेच्या सिग्नलला ही सोय नव्हती. आउटरची तार एक किलोमीटरच्या आसपास लांब असे. दुपारी ती सैल पडते, मग लिव्हर पूर्ण ओढला तरी सिग्नलचा हात अर्धवटच पडतो आणि ड्रायव्हरला ‘आहे की नाही’ असा हात दिसतो. उलट, दुपारी ताणून घट्ट केलेली तार पहाटेच्या गारव्यात आखडते आणि लिव्हर जागेवर असूनही हात आडव्यापासून किंचित खाली झुकतो. हे जास्त वाईट, कारण थांब म्हणणारा सिग्नल चल म्हणतोय असा भास होतो. त्यासाठी केबिनमध्ये तारेचा ॲडजस्टर असे. चांगला केबिनमन सकाळी, दुपारी आणि दिवस मावळल्यावर तो फिरवून घेई. हे काम कुठल्या वहीत ठसठशीत नोंदलं जात नव्हतं, पण सोलापूर, मोहोळ, माढा या पट्ट्यात गाड्या सुरक्षित चालण्यात त्याचा मोठा वाटा आहे. इतिहास लिहिणाऱ्यानं तो लिहिलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तार तुटली तर मात्र खांबावरचं वजन हाताला आपोआप आडवा करतं. बिघाड झाला तर गाडी थांबावी, ही रेल्वेच्या सिग्नलची मूळ अट.

केबिनमनच्या हातात नेहमी फडकं असे. घामेजल्या हातानं लिव्हरचं घासून चकचकीत केलेलं लोखंड गंजतं, म्हणून लिव्हर फडक्यानंच धरायचा. दिवे रॉकेलचे, आणि बत्तीवाला खांबावर चढून ते भरायचा. सिग्नलची हिरवी काच जवळून पाहिली तर निळसर दिसते, कारण रॉकेलची ज्योत पिवळी असते. दोन्ही मिळून लांबून हिरवा दिसतो. अशी एखादी काच कुणाच्या घरी मिळाली तर टाकून देऊ नका.

शेजारच्या स्टेशनाशी बोलायच्या घंटीची भाषा थोडक्यात सांगतो. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. दोन, लाइन क्लिअर आहे का. तीन, गाडी सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या लाइनवर, शिरली. चार, गाडी सेक्शनबाहेर आली. पाच, रद्द. सहा म्हणजे धोका, सगळं थांबवा. सोळा ठोके फक्त चाचणीचे. शेजारचं स्टेशन पुण्याकडं बाळे आणि होटगीकडं टिकेकरवाडी. गाडी गेली की केबिनमननं खिडकीतून तिच्या शेवटच्या डब्याची पाटी आणि रात्री शेपटाचा दिवा पाहायचा. तो दिसला तरच गाडी पूर्ण आली असं धरायचं, नाहीतर डबे मागं सुटले असू शकतात. फोनवरच्या बोलण्यात मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू सगळं मिसळलेलं असे, पण प्रायव्हेट नंबर (निरोप खरा असल्याची खूण म्हणून द्यायचा गुप्त आकडा) देताना प्रत्येक जण सावकाश, आकडा आकडा सुटा करून बोलायचा.

एकेरी लाइनवर गोळा असायचा, म्हणजे नीलचा बॉल टोकन, ड्रायव्हरला सेक्शनमध्ये शिरायची परवानगी. यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर काढायचा, तो पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि धावत्या इंजिनाच्या ड्रायव्हरनं ते कडं हातात झेलायचं. एका सेक्शनचा एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही टोकांच्या यंत्रांतून दुसरा निघत नाही. भिगवण ते मोहोळ आणि होटगी ते कलबुर्गी हे पट्टे दीर्घकाळ एकेरी राहिले. कुर्डुवाडीला त्यात बार्शी लाइटची भर. 1897 मध्ये सुरू झालेली ती अडीच फुटी गाडी 1906 मध्ये पंढरपूरला पोचली, आणि आषाढीला मोठ्या लाइनचे वारकरी कुर्डुवाडीला उतरून त्या गाडीत बसत. होटगीला 1884 पासून गदगकडून येणारी मीटरगेज. सोलापूरच्या दोन्ही हातांना दोन वेगवेगळे गेज येऊन मिळत होते, हे ध्यानात घेतलं तर इथल्या केबिनवर कामाचा ताण कसा असेल ते कळेल.

आता वय काढायची रीत. पहिला पुरावा फ्रेमवरची ओतीव पाटी. तीवर ‘वेस्टिंगहाउस ब्रेक अँड सॅक्सबी’ असेल तर ती फ्रेम 1920 च्या आधीची असूच शकत नाही, कारण त्या नावाची कंपनी 1920 मध्ये झाली. ‘सॅक्सबी अँड फार्मर’ असेल तर त्याआधीची असू शकते, पण याच नावाची कंपनी कलकत्त्यातही पुढं बरीच वर्षं माल बनवत होती, म्हणून पाटीवर गावाचं नाव आहे का ते बघा. दुसरा पुरावा रुळांचा. जिन्याला, खांबाला, छताच्या तुळईला जुने रूळ वापरलेले असतात आणि रुळाच्या कमरेवर कारखान्याचं नाव आणि वर्ष उठवलेलं असतं. पण रूळ आधी गाडीखाली झिजून मग खांब झालेला असतो. म्हणून ते वर्ष फक्त एवढंच सांगतं की बांधकाम त्याच्या आधीचं नाही. फ्रेमचंही तसंच, एका स्टेशनातून काढलेली फ्रेम दुसऱ्या स्टेशनात बसवत. तिसरा पुरावा अक्षरांचा. कुलपांवर, दिव्यांवर, वजनांवर ‘जीआयपी’ असेल तर ती वस्तू 5 नोव्हेंबर 1951 च्या आधीची, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. वस्तू जुनी म्हणून इमारत जुनी, असा अर्थ मात्र काढू नका. तिन्ही पुरावे एकमेकांशी जुळले तरच वर्ष लिहा.

चौथा पुरावा मला सगळ्यांत बोलका वाटतो: पांढरे लिव्हर आणि क्रमांकांतल्या मोकळ्या जागा. काही जागा पुढच्या वाढीसाठी मुद्दाम राखलेल्या असतात, काही मात्र उखडलेल्या साइडिंगच्या, म्हणजे मालाच्या बाजूच्या रुळांच्या. जुनी मिल 1877 ची. तिच्या मागोमाग शहरात गिरण्या उभ्या राहिल्या, कापूस येत होता, सूत आणि कापड जात होतं, मालधक्का गजबजलेला होता. पुढं गिरण्या बंद पडल्या, माल रस्त्यानं जाऊ लागला आणि सांधे उचलले गेले. सांधा उचलला की त्याचा काळा लिव्हर पांढरा रंगवतात. कोणता लिव्हर कधी पांढरा झाला याची यादी जमली, तर गावातल्या मालवाहतुकीचा उतार तुमच्या हातात येतो. केबिनच्या इतिहासात मी बांधकामाच्या वर्षापेक्षा या यादीला जास्त मोल देईन. भिंत एकदा बांधली की तशीच राहते, लॉकिंग मात्र यार्डातल्या प्रत्येक बदलाबरोबर नव्यानं कापावं लागतं.

बंद का झाली याचं कारण सोपं आहे. सांध्याला विजेची मोटर बसली, रुळावर गाडी आहे की नाही ते ट्रॅक सर्किट किंवा ॲक्सल काउंटर सांगू लागला, आणि 460 मीटरची मर्यादाच संपली. मग दोन टोकांच्या केबिनची गरज उरली नाही. मास्तरच्या खोलीत पॅनेल आलं, पुढं संगणकाचा पडदा आला. दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाच्या कामात यार्डांचे नकाशेच बदलले, तेव्हा उरलीसुरली यांत्रिक सामग्रीही निघाली. तत्त्व मात्र तेच आहे, ठोकळ्याच्या जागी रिले (विजेनं चालणारा खटका) आणि रिलेच्या जागी प्रोग्रॅम. 2 जून 2023 रोजी ओडिशात बहानगा बाजारला मेन लाइनचा सिग्नल हिरवा आणि सांधा लूपला, असं झालं. 290 हून अधिक माणसं गेली. चौकशीत सिग्नलच्या सर्किटमधल्या फेरबदलांत चुका निघाल्या. खाचा लोखंडात असोत की तारांत, दुरुस्तीला हात घालण्याआधी डिस्कनेक्शन मेमो (यंत्रणा बंद करत असल्याची लेखी सूचना) आणि जोडण्याआधी पूर्ण चाचणी, हा क्रम जुन्या केबिनवाल्यांच्या अंगात मुरलेला होता. रिले रूमच्या दाराला आजही दोन कुलपं असतात, एकाची किल्ली सिग्नलवाल्याकडं आणि दुसऱ्याची मास्तरकडं.

कागद कुठले मागायचे? तीन: स्टेशनचा सिग्नल इंटरलॉकिंग प्लॅन, लॉकिंग टेबल (कोणता लिव्हर कुणाला अडवतो त्याचा तक्ता) आणि स्टेशन वर्किंग रूल्स (त्या स्टेशनात गाड्या चालवायचे नियम). प्लॅनच्या कोपऱ्यात फेरबदलांची तारीखवार नोंद असते, तीच तुमची खरी वंशावळ. आधी विभागीय कार्यालयाला साधं पत्र लिहा, उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहेच. एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते: 2 ऑक्टोबर 1966 ते 2 ऑक्टोबर 1977 सोलापूर विभाग दक्षिण मध्य रेल्वेत होता. त्या अकरा वर्षांचा मुख्यालयाचा पत्रव्यवहार मुंबईला नव्हे, सिकंदराबादला झाला आहे. मुंबईच्या फाइलींत मध्येच खंड दिसला तर कागद हरवले असं समजू नका, तिकडं अर्ज करा. केबिन बंद असली तरी ती रेल्वेच्या हद्दीत आहे. परवानगीशिवाय आत गेलात तर रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा होतो, म्हणून फोटोंसाठीही लेखी परवानगी घ्या.

आणि कागद येण्याची वाट न पाहता माणसांकडं जा. आजोबांच्या बरोबरीचे जे कुणी असतील त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवा, लिव्हरांच्या चौकटी काढून क्रमांक घाला आणि एकेक लिव्हर विचारा: हा कशाचा होता, कोणत्या लिव्हरनं अडायचा, जड होता की हलका, उन्हाळ्यात कोणता त्रास द्यायचा. ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं तर ही माणसं अवघडतात. ‘9 नंबर कुणाला लॉक करायचा’ म्हटलं की तासभर बोलतात. प्रत्येक नकाशावर अप आणि डाउन लिहायला विसरू नका. मुंबईकडं जाणारी अप, मुंबईहून येणारी डाउन. हे लिहिलेलं नसेल तर पुढं त्या नकाशावरून दोन केबिनपैकी कोणती, ते कुणालाच सांगता येणार नाही.